झिर्कोनियाची कॅप, ब्रिज, इम्प्लांट: आधी 'कुठलं झिर्कोनिया' ते विचारा

भट्टीवाला

नमस्कार मंडळी. मी डेंटल लॅबमध्ये काम करतो, कॅप, ब्रिज, इम्प्लांटवरचे दात बनवणं हेच रोजचं काम. 'कॅप कुठली बसवू' असा प्रश्न आला की उत्तर ठरलेलं असतं, झिर्कोनिया घ्या, सगळ्यात मजबूत, आयुष्यभर बघायला नको. हे उत्तर अर्धवट आहे आणि त्यापायी लोकांची फसगत होते म्हणून हा धागा काढतोय. झिर्कोनिया या एकाच नावाखाली आज निदान तीन वेगळ्या स्वभावाची मटेरिअल्स मिळतात आणि पेशंटला ते कोणी सांगत नाही.

थोडं मुळातून सांगतो, कंटाळू नका. शुद्ध झिर्कोनियम ऑक्साइड तापवलं की ११७० अंशांच्या आसपास त्यातली अणूंची रचना बदलते, २३७० च्या पुढे अजून एकदा बदलते. नेहमीच्या तापमानाला असते ती मोनोक्लिनिक, मधली टेट्रागोनल, वरची क्युबिक. गोची अशी की गार होताना टेट्रागोनलचं परत मोनोक्लिनिक होतं तेव्हा ते साधारण ४ ते ५ टक्के फुगतं, त्यामुळे शुद्ध झिर्कोनियाची वस्तू भट्टीतून बाहेर येईपर्यंत तडकून जाते. त्यात इट्रिया, म्हणजे इट्रियम ऑक्साइड, मिसळलं की टेट्रागोनल रचना गार झाल्यावरही टिकून राहते. आणि खरी गंमत इथून पुढे आहे. अशा कॅपमध्ये कुठे बारीक चीर सुरू झाली तर चिरेच्या टोकाशी ताण येतो, तिथले कण लगेच टेट्रागोनलचे मोनोक्लिनिक होतात, फुगतात आणि चिरेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात, चीर तिथेच अडते. झिर्कोनिया असं कणखर होऊ शकतं हे ऑस्ट्रेलियातल्या गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी १९७५ साली दाखवून दिलं आणि सिरॅमिक म्हणजे ठिसूळ हे समीकरणच बदललं. मला आजही हे वाचताना भारी वाटतं.

आता मुद्दा. इट्रिया ३ मोल टक्के असेल तर ते ३वाय, जुनं, दणकट, ताकद साधारण १००० ते १२०० मेगापास्कल (किती ताणाला तुटतं त्याचं माप), पण दिसायला पांढरट आणि अपारदर्शक. समोरच्या दातांत ते खडूसारखं दिसतं अशी तक्रार यायची म्हणून कंपन्यांनी इट्रिया वाढवलं, ४वाय आणि ५वाय आलं. ५वाय मध्ये जवळपास निम्मा भाग क्युबिक असतो, उजेड छान आरपार जातो, दात जिवंत वाटतो, पण क्युबिक कण रूप बदलत नाहीत, म्हणजे चीर अडवायची ती वर सांगितलेली करामत यात जवळजवळ नाहीच. ताकद पण ५०० ते ७०० च्या घरात येते. जाहिरातीत मात्र १२०० चा आकडा ३वाय चा आणि फोटो ५वाय चा. याच गोष्टीचा मला राग आहे.

तेव्हा डॉक्टरांना विचारा, ३वाय, ४वाय की ५वाय, आणि या दातासाठी तेच का. चांगला डॉक्टर या प्रश्नावर वैतागत नाही.

नीलपर्णा

खूप उपयोगी धागा, धन्यवाद. माझ्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल झालंय आणि डॉक्टरांनी मेटलवाली कॅप किंवा झिर्कोनिया असे दोन पर्याय दिलेत, कुठलं झिर्कोनिया वगैरे काही बोलणं झालं नाही. दाढेला कुणी बघायला येत नाही, मग मेटलच का नको? दुसरं म्हणजे झिर्कोनिया इतकं टणक असेल तर समोरची वरची दाढ झिजून नाही का जाणार, हे मला बहिणीने सांगितलंय आणि तेव्हापासून डोक्यात बसलंय.

डॉक_सुळा

नीलपर्णाताई, मी डेंटिस्ट आहे, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण ही भीती फार जणांना असते. टणकपणा आणि समोरचा दात झिजवणं यांचा थेट संबंध नाही, खरा संबंध पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे याच्याशी. नीट आरशासारखं पॉलिश केलेलं झिर्कोनिया समोरच्या इनॅमलला जुन्या पोर्सिलिनपेक्षा कमी झिजवतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. घोळ होतो तो वेगळ्या ठिकाणी. कॅप बसवताना पेशंट म्हणतो 'डॉक्टर चावताना उंच लागतेय', मग डॉक्टर डायमंड बरने, म्हणजे हिऱ्याचे कण लावलेल्या ड्रिलने, थोडं घासतो, चावा जुळला की पेशंट खूष, आणि तो खरखरीत झालेला ठिपका तसाच राहतो. तो ठिपका समोरच्या दाढेवर कानशीसारखा चालतो. म्हणून बसवल्यावर घासलं असेल तर झिर्कोनियाच्या खास रबर पॉलिशरने, टप्प्याटप्प्याने, परत चकाकी आणलीच पाहिजे. नुसत्या ग्लेझवर, म्हणजे वरून भाजलेल्या काचेसारख्या चकाकत्या थरावर, पण विसंबू नका, चावायच्या जागेवरचं ग्लेझ काही काळाने झिजून जातं आणि खाली जे असेल ते उघडं पडतं, म्हणून आधी पॉलिश आणि मग हवं तर ग्लेझ.

मेटल का नको: चालेल की. पण पोर्सिलिन चढवलेल्या मेटल कॅपसाठी दाढ वरून दीड ते दोन मिलिमीटर घासावी लागते, मेटलची जाडी वेगळी आणि पोर्सिलिनची वेगळी. अखंड झिर्कोनियाची ३वाय कॅप असेल तर साधारण एक मिलिमीटर किंवा थोडं कमी पुरतं. रूट कॅनाल झालेल्या दाढेत आधीच भिंती पातळ झालेल्या असतात, तिथे वाचलेला प्रत्येक अर्धा मिलिमीटर महत्त्वाचा. तुमच्या दाढेला मी ३वाय किंवा ४वाय, अखंड, आणि पॉलिश केलेलं असं सुचवीन.

भट्टीवाला

डॉक, पॉलिशचं अगदी बरोबर बोललात, लॅबमधून आरशासारखी गेलेली कॅप दुरुस्तीला परत येते तेव्हा बघवत नाही.

'अखंड' हा शब्द डॉकनी वापरला त्याबद्दल थोडं. सुरुवातीला, म्हणजे २००० नंतरची काही वर्षं, झिर्कोनियाचा फक्त आतला सांगाडा करायचे आणि वर पोर्सिलिन हाताने चढवायचे. सांगाडा काही केल्या तुटत नव्हता, पण वरच्या पोर्सिलिनचे टवके उडायचे. एक कारण असं की झिर्कोनियातून उष्णता फार हळू जाते, भट्टीतून काढून पटकन गार केलं की बाहेरचं पोर्सिलिन आधी घट्ट होतं, आतलं गरम राहतं, आणि तो ताण पोर्सिलिनमध्ये कायमचा अडकून बसतो. पुढे गार करायचा वेग कमी केला, सांगाड्याचा आकार पोर्सिलिनला आधार मिळेल असा केला, फरक पडला. पण टवक्यांची कटकट मुळातून संपवायची म्हणून सगळी कॅप एकाच झिर्कोनियातून कोरायची पद्धत रूढ झाली. आता समोरच्या दातांसाठी बरेच जण फक्त ओठाकडच्या बाजूला पातळ थर चढवतात आणि चावायची बाजू अखंड ठेवतात, मला ही पद्धत फार आवडते.

रातराणी

मला रात्री झोपेत दात खायची सवय आहे, नवरा म्हणतो आवाजाने जाग येते. दोन पोर्सिलिन कॅपचे तुकडे पडून झालेत. झिर्कोनिया फुटत नाही म्हणून तेच घ्यायचं ठरवलं होतं आणि आता हे ५वाय वाचून गोंधळलेय.

डॉक_सुळा

रातराणी, गोंधळू नका, तुमच्यासाठी उत्तर उलट सोपं आहे. ३वाय, अखंड, पॉलिश, आणि रात्री नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कवच. नाइट गार्ड टाळू नका, कारण कॅप टिकली तरी तो जोर कुठेतरी जाणारच, दाताच्या मुळाला, समोरच्या दाताला नाहीतर जबड्याच्या सांध्याला. ५वाय दाढेला चालत नाही असं नाही, जाडी नीट मिळाली आणि चिकटवलं नीट तर चालतं, पण दात खाणाऱ्या माणसाला मी स्वतः देत नाही.

कणाद_

मी मटेरिअल्समधला आहे, दातांमधला नाही. धागाकर्त्याने छान मांडलंय, एक बाजू मात्र राहिली, तीच करामत झिर्कोनियाचा शत्रू पण आहे. टेट्रागोनल कण टिकवून धरलेले असतात, पाण्याच्या संपर्कात ते पृष्ठभागापासून हळूहळू, कुठलीही चीर नसताना, आपले आपण मोनोक्लिनिक होत जातात. कण फुगतात, पृष्ठभाग खडबडीत होतो, सूक्ष्म चिरा पडतात, त्यातून पाणी अजून आत जातं. हे १९८१ साली जपानमध्ये कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं, तेव्हा २५० अंशांच्या आसपास हे सगळ्यात जोरात होतं एवढंच दिसलं होतं आणि शरीराच्या तापमानाला काही होणार नाही असं धरून खुब्याच्या कृत्रिम सांध्यांचे गोळे झिर्कोनियाचे व्हायला लागले. मग फ्रान्समधल्या एका उत्पादकाने भट्टीची पद्धत बदलली, एकेक घाणा भाजण्याऐवजी सलग चालणारी बोगदाभट्टी आणली, आणि त्या घाण्यांतले गोळे पेशंटच्या शरीरात फुटायला लागले. २००१ मध्ये ते बाजारातून मागे घेतले, काहीशे गोळे फुटले होते. माल तोच, सूत्र तेच, फक्त भाजणी बदलली होती.

यातून मापदंड कडक झाले. इम्प्लांटच्या झिर्कोनियाच्या आयएसओ १३३५६ या आंतरराष्ट्रीय मापदंडात १३४ अंशांच्या दाबाच्या वाफेत ५ तास ठेवून मोनोक्लिनिकचं प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा वर जात नाही ना हे बघतात. आणि योगायोग असा की ज्या ५वाय ला सगळे नाजूक म्हणतायत ते पाण्याने हळूहळू खराब होण्याच्या या म्हातारपणाच्या बाबतीत जवळपास निर्धोक आहे, कारण क्युबिक कणांना बदलायचंच नसतं.

भट्टीवाला

कणाद, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, लॅबवाल्यांनी तर हे भिंतीवर लावून ठेवलं पाहिजे. भाजणीवरून थोडं आमच्या खोलीतलं सांगतो.

झिर्कोनिया येतं ते गोल चकतीत, ९८ मिलिमीटर व्यासाची, अर्धवट भाजलेली, इतकी मऊ की नखाने ओरखडा निघतो. मशीन त्यातून कॅप कोरतं आणि कोरलेली कॅप हातात घेतली की नवीन माणूस दचकतोच, कारण ती दाताच्या मापापेक्षा चांगलीच मोठी असते. भट्टीत ती २० ते २५ टक्के आकसते, सगळीकडून सारखी, आणि आकसून बरोबर मापाला येते. किती आकसणार तो आकडा प्रत्येक चकतीवर छापलेला असतो, कारण घाण्याघाण्याला तो थोडा बदलतो. तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा गेला की कॅप बसतच नाही किंवा डुगडुगते. कोरून झाल्यावर मऊ ब्रशने भुकटी झाडायची, चकतीला जोडणारे दांडे कापून तिथली जागा गुळगुळीत करायची, दाढेवरच्या खाचा जरा खोल करायच्या, हे सगळं भट्टीआधीच, कारण आत्ता जे काम बोटभर कागदाने होतं ते भाजल्यावर डायमंड आणि पाणी घेऊन करावं लागतं आणि त्यात चिरा पडायची भीती. मग ट्रेमध्ये बारीक गोळ्यांवर कॅप अशी ठेवायची की आकसताना तिला सरकायला जागा हवी, लांब ब्रिज असेल तर आधाराचा तुकडा ठेवूनच भाजायचा नाहीतर वाकतो. १५०० अंशांच्या आसपास तापमान, चढताना आणि उतरताना सावकाश, सगळं मिळून कित्येक तास. झटपट भाजायच्या भट्ट्या आता आल्यात, त्यासाठीच बनवलेलं मटेरिअल असेल तर ठीक, पण साध्या चकतीवर घाई करायची नाही. तापमान उगाच वाढवून जास्त पारदर्शक करायचा मोह तर अजिबात नको, कण मोठे होतात आणि कणाद म्हणतायत तो म्हातारपणाचा आजार लवकर लागतो.

नीलपर्णा

भट्टीवाला, वाचताना डोळ्यासमोर उभं राहिलं. अजून एक. मैत्रिणीची झिर्कोनिया कॅप निघून हातात आली, फुटली नाही, अख्खी निघाली. म्हणजे मजबूत असून उपयोग काय?

डॉक_सुळा

हा प्रश्न यायलाच हवा होता. काचेचं प्रमाण असलेली सिरॅमिक्स, म्हणजे लिथियम डायसिलिकेट वगैरे, आतून हायड्रोफ्लुओरिक अॅसिडने खरखरीत करता येतात आणि मग सिमेंट त्यात घट्ट रुतून बसतं. झिर्कोनियात काच नाहीच, तिथे ते अॅसिड नेहमीच्या पद्धतीने लावून काही होत नाही. म्हणून दोन रस्ते. दात उंच आहे, भिंती जवळजवळ समांतर घासल्यात, तर साधं ग्लास आयनोमर जातीचं सिमेंट पुरतं, पकड आकारानेच मिळते. दात बुटका असेल तर चिकटवावं लागतं, आणि त्याची रीत ठरलेली आहे: आतून ५० मायक्रॉनच्या अॅल्युमिना भुकटीने कमी दाबावर हलका मारा, मग एमडीपी नावाचं रसायन असलेला प्रायमर, म्हणजे सिमेंटच्या आधी लावायचा द्रव, कारण त्यातला फॉस्फेट गट झिर्कोनियाला रासायनिकरीत्या धरतो, आणि मग रेझिन सिमेंट.

यात एक जागा अशी आहे जिथे हमखास माशी शिंकते. कॅप तोंडात बसवून बघितली की आत लाळ लागते, आणि लाळेत फॉस्फेट असतं. ते झिर्कोनियावर आधीच जाऊन बसतं, मग प्रायमरला जागाच उरत नाही, पाण्याने धुऊन ते निघत नाही. सवयीने फॉस्फोरिक अॅसिडने साफ केलं तर अजूनच वाईट, कारण आपणच फॉस्फेट लावलं. ट्रायल झाल्यावर परत भुकटीचा मारा करायचा किंवा यासाठीचं खास क्लीनर वापरायचं. मैत्रिणीचा दात न बघता कारण सांगता येणार नाही, पण बुटका दात आणि साधं सिमेंट ही जोडी मी फार वेळा बघितलीय.

आणि ही रीत नीट पाळली तर झिर्कोनिया काय करू शकतं बघा: समोरचा एक दात नसेल तर शेजारच्या एकाच दाताला मागून पातळ पंख चिकटवून नवीन दात लटकवतात, शेजारचे दात कापायचे नाहीत. जर्मनीतल्या कर्न यांच्या गटाने असे ब्रिज १० वर्षं तपासले, जवळपास सगळे टिकून होते.

प्रश्नचिन्ह

इम्प्लांटबद्दल कोणी बोलेल का? मला एक दात पडल्यावर इम्प्लांट सांगितलाय. घरचे म्हणतात टायटॅनियम शरीरात नको, अॅलर्जी होते, झिर्कोनियाचाच इम्प्लांट करून घे, नैसर्गिक असतो.

डॉक_सुळा

प्रश्नचिन्ह, आधी 'नैसर्गिक' काढून टाका, दोन्ही कारखान्यातच बनतात. टायटॅनियमची अॅलर्जी असू शकते पण फार विरळ आहे आणि ती ओळखायच्या चाचण्यांवर भरवसा ठेवावा अशी स्थिती नाही, त्यामुळे फक्त भीतीपोटी निर्णय घेऊ नका. टायटॅनियमच्या मागे ब्रेनमार्क यांनी १९६५ साली पहिल्या पेशंटला बसवला तेव्हापासूनचा अनुभव आहे. झिर्कोनियाच्या इम्प्लांटचा तेवढा लांबचा नाही. त्याआधी अॅल्युमिनाचे सिरॅमिक इम्प्लांट आले होते, ते ठिसूळपणामुळे मागे पडले.

झिर्कोनियाची जमेची बाजू खरी आहे. हाड त्याला टायटॅनियमसारखंच धरतं, हिरडी त्याच्याभोवती छान बसते, आणि हिरडी पातळ असेल तर टायटॅनियमची करडी छटा दिसते ती इथे दिसत नाही. पण एकसंध झिर्कोनिया इम्प्लांट असेल तर वरचा खुंट पहिल्या दिवसापासून तोंडात उघडा असतो, हाड जुळेपर्यंत त्यावर जिभेचा, चावण्याचा जोर येऊ द्यायचा नाही, आणि कोन चुकला तर नंतर घासून सरळ करता येत नाही, घासणं म्हणजे चिरांना आमंत्रण. बारीक व्यासाचे झिर्कोनिया इम्प्लांट तुटल्याच्या नोंदी आहेत. दोन भागांचे, स्क्रूवाले आलेत, पण त्यांचा दीर्घ काळाचा अनुभव अजून जमतोय. तुमची हिरडी जाड, जागा मागची असेल तर टायटॅनियम, नि:शंक. समोरचा दात आणि पातळ हिरडी असेल तर झिर्कोनियाचा विचार करावा, किंवा मधला मार्ग.

भट्टीवाला

मधला मार्ग म्हणजे टायटॅनियमचा इम्प्लांट आणि वर झिर्कोनियाचा दात, आमच्याकडे सगळ्यात जास्त काम याचंच. यात एक बारीक पण मोलाची गोष्ट: झिर्कोनिया थेट टायटॅनियम इम्प्लांटच्या तोंडात स्क्रूने आवळायचं नाही. दोघांत मऊ कोण, टायटॅनियम. चावताना सूक्ष्म हालचाल होत राहते आणि झिजतो तो हाडातला इम्प्लांट, जो बदलता येत नाही. म्हणून खाली छोटा टायटॅनियमचा बेस, त्यावर झिर्कोनिया चिकटवलेलं, मग झीज झाली तरी धातूची धातूशी आणि जोड नीट बसतो. इथे पण डॉकनी सांगितलेला भुकटी आणि एमडीपीचाच विधी, बेस सुटून दात हातात येतो तो तिथेच कसूर झाली म्हणून.

ब्रिजवाल्यांसाठी पण एक. दोन दातांच्या मधला जोड हीच तुटायची जागा. मागच्या तीन दातांच्या ३वाय ब्रिजला जोडाचं क्षेत्र निदान ९ चौरस मिलिमीटर लागतं, दात बुटके असले तर तेवढी उंचीच मिळत नाही. आयएसओ ६८७२ प्रमाणे चार किंवा जास्त दातांच्या ब्रिजला ८०० मेगापास्कलचं मटेरिअल लागतं, म्हणजे ५वाय बहुतेक तिथेच बाद. वर पारदर्शक आणि खाली दणकट अशा थरांच्या चकत्या मिळतात आता, पण त्यात बघायचं की जोड कुठल्या थरात येतोय. वरच्या कमजोर थरात आला तर खालच्या ताकदीचा काय उपयोग.

रातराणी

पुढे कॅपखालच्या दाताला काही झालं तर? झिर्कोनिया कापता येतं का?

डॉक_सुळा

येतं, वेळ लागतो. नवा बारीक डायमंड, भरपूर पाणी, हलका हात आणि मधेमधे थांबायचं, कारण झिर्कोनिया उष्णता पसरवत नाही, एकाच जागी तापतं. कॅप काढायची तर उभी चीर पाडून फाकवायची. दुसरी अडचण एक्सरेत: कॅपच्या आतली कीड दिसत नाही, फक्त कडेची दिसते. म्हणून कडा हिरडीच्या फार खाली नेऊ नये आणि तपासणी चुकवू नये.

प्रश्नचिन्ह

सगळ्यांचे आभार, डॉक्टरांशी परत बोलणार आहे. शेवटचं विचारतो, मला मानेच्या त्रासासाठी अधूनमधून एमआरआय करावा लागतो. त्याने काही फरक पडतो का?

कणाद_

पडतो पण थोडा. टायटॅनियम चुंबकाने ओढलं जात नाही त्यामुळे धोका नाही, फक्त आजूबाजूचं चित्र थोडं बिघडवतं, झिर्कोनिया एमआरआयमध्ये त्याहून कमी बिघडवतं. सीटी किंवा डेंटिस्टकडच्या सीबीसीटीत (जबड्याच्या थ्रीडी एक्सरेत) मात्र उलट, झिर्कोनिया जड आहे, घनता ६ च्या वर, आणि झिर्कोनियमचा अणू टायटॅनियमपेक्षा मोठा, क्ष-किरण जास्त अडतात, त्यामुळे पांढरे-काळे पट्टे टायटॅनियमपेक्षा जास्त येतात. मान तोंडापासून लांब असते, तेव्हा मानेच्या एमआरआयसाठी म्हणून इम्प्लांटचं मटेरिअल बदलायची गरज मला दिसत नाही, स्कॅनच्या वेळी इम्प्लांट आहे एवढं तिथल्या माणसाला सांगा.